कोच बदलण्याचे दिवस

नोव्हेंबर सरत आला की डोंगरांच्या कुशीतल्या आमच्या या विद्यापीठाच्या गावात एक वेगळीच शांतता उतरते. मेपलची पानं गळून, भिजून, रस्त्याच्या कडेला तपकिरी लगदा होऊन पडलेली असतात. शनिवार-शनिवार स्टेडियमच्या बाजूने येणारा ढोलांचा आवाज थांबलेला असतो. आणि सकाळी कॉफीच्या दुकानातल्या रांगेत उभे असलेले लोक एकमेकांना एकच प्रश्न विचारतात, ‘कोण गेलं?’ नवख्या माणसाला वाटावं, गावात साथ आली आहे. प्रत्यक्षात ते फुटबॉलच्या कोचबद्दल बोलत असतात. हंगाम संपला की देशभरातल्या विद्यापीठांमधून हरलेल्या संघांचे मुख्य कोच काढले जातात, दुसरीकडून कोणी उचलून आणले जातात, आणि नाताळपर्यंत ही ने-आण चालू राहते. कॅलेंडरात या ऋतूला नाव नाही. पण इथे तो हिवाळ्याच्या आधी नेमाने येतो.

यंदाही तो आला आहे. दुपारी फोन वाजला की सुनंदा, माझी पत्नी, हातातलं काम तसंच धरून उभी राहते, आणि फोन बँकेचा किंवा दाताच्या डॉक्टरांचा निघाला की पुन्हा कामाला लागते. आमची मुलगी मुक्ता याच धंद्यात आहे, म्हणून हे सगळं. मी मात्र या दिवसांत खिडकीशी बसून एका जुन्या हिवाळ्याचा विचार करत राहतो. तो हिवाळा फार मोठ्या घटनांचा नव्हता. कोणी आजारी पडलं नाही, कोणी दुरावलं नाही. तरीही गेल्या काही वर्षांतला इतका स्वच्छ आठवणारा काळ दुसरा नाही.

या विषयावर लिहिण्याचा मला अधिकार नाही, हे आधीच मान्य केलेलं बरं. फुटबॉल हा पायाने खेळायचा खेळ आहे, अशीच माझी समजूत पन्नाशीपर्यंत होती. इथला फुटबॉल चेंडू हातात घेऊन, एकमेकांवर आदळत खेळतात, हे फार उशिरा कळलं. माझी नोकरी पुलांच्या तपासणीची. जर्सी सिटीतल्या उंच इमारतीत भाड्याचं घर, सकाळी नदीखालून मॅनहॅटनला जायचं, तिथून कुठल्यातरी पुलाच्या पोटाखाली उभं राहून पोलादावरच्या भेगा शोधायच्या, यात माझी वर्षं गेली. मी सगळ्याच गोष्टींना उशिरा सुरुवात करणारा माणूस. गाडी चालवायला उशिरा शिकलो, मराठीत लिहायला तर निवृत्त झाल्यावर लागलो. निवृत्तीनंतर आम्ही या गावी आलो ते केवळ मुक्ता इथे नोकरीला होती म्हणून.

तिची नोकरी काय, हे सांगणं आम्हाला नेहमीच जड गेलं. ती विद्यापीठाच्या फुटबॉल संघाची सहायक स्ट्रेंग्थ कोच होती. म्हणजे खेळ शिकवायचा नाही. खेळणाऱ्यांची शरीरं घडवायची. कोणी किती वजन उचलायचं, कसं उचलायचं, केव्हा थांबायचं, हे ठरवायचं आणि करून घ्यायचं. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांत बायका विचारत, “मुक्ता काय करते हो सध्या?” सुनंदा सांगू लागे, आणि वाक्य अर्ध्यावर असतानाच समोरची म्हणे, “म्हणजे फिजिओथेरपिस्ट!” सुनंदा म्हणे, “तसंच काहीसं.” असं तिने कितीतरी वर्षं चालवून घेतलं. एकदा मुक्ताने ते ऐकलं. गाडीत बसल्यावर ती म्हणाली, “आई, नेक्स्ट टाइम सांग, ती पोरांकडून वजनं उचलून घेते.” सुनंदा म्हणाली, “सांगेन. पण मग त्या विचारतील, कशाला?”

‘कशाला’ हा प्रश्न माझ्याही मनात होता. लहानपणी मुक्ता गाडीतून तांदळाचं पोतं खांद्यावर टाकून लिफ्टपर्यंत न्यायची. सुनंदा मागून ओरडायची, “अगं, ठेव, कंबर धरेल!” आणि पोतं टेकवल्यावर त्या मुलीच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसायचं, ते मी तिच्या कोणत्याही परीक्षेच्या निकालानंतर पाहिलं नाही. त्या समाधानातून पुढे नोकरी निघेल, असं मात्र आमच्या ध्यानीमनी नव्हतं.

तिचं कामाचं ठिकाण मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला माझ्या पुलांची आठवण झाली. उंच छत, ओळीने उभ्या लोखंडी चौकटी, काळ्या रबराची जमीन, हवेत खडूची पांढरी धूळ आणि लोखंडाचा, घामाचा, ओल्या मोज्यांचा मिळून झालेला एक जड वास. वजनांच्या चकत्या एकमेकींवर आदळल्या की तो नाद पायांतून वर चढायचा. या सगळ्यावर रॉय नावाच्या माणसाचं राज्य होतं. तो मुख्य स्ट्रेंग्थ कोच, मुक्ताचा वरिष्ठ आणि गुरूही. मान जवळजवळ नाहीच, आवाज घोगरा, हात पाटासारखे. त्याचं तत्त्वज्ञान सोपं होतं: चकत्या लावलेला जड लोखंडी बार खांद्यावर घ्या, खाली बसा, उठा. त्याला तिथे स्क्वॉट म्हणतात. आपण बैठक म्हणू. एखाद्या खेळाडूने आयुष्यातली सर्वांत जड बैठक मारली की भिंतीवरची पितळी घंटा वाजवायची, आणि सगळ्यांनी हातातलं काम टाकून ओरडायचं. मी तिथे असताना ती दोनदा वाजली आणि दोन्ही वेळा मी दचकलो.

त्या वर्षी संघ फार हरला. त्यातही धावणाऱ्या मुलांचे मांडीमागचे स्नायू एकामागून एक दुखावत गेले, आणि गावात कुजबूज सुरू झाली की ही रॉयची करणी. ही पोरं वजनं उचलून उचलून ताठर झाली आहेत. शेवटच्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, मुक्ता आमच्याकडे जेवायला आली होती. ताटात वरणभात होता. तिचा फोन टेबलावर थरथरला, तिने वाचलं आणि पालथा ठेवला.

“हेड कोचला काढलं,” ती म्हणाली.

“अरेरे,” सुनंदा म्हणाली. “त्यांना मुलं लहान आहेत ना?”

“आई, त्यांना उरलेल्या कॉन्ट्रॅक्टचे पैसे मिळणारेत. त्यांची काळजी नको.” तिने भात कालवला. “आमची कर.”

“तुमची का?”

“हेड कोच गेला की सगळे जातात. रॉय, मी, सगळे. नवा येतो, तो स्वतःची माणसं आणतो. कधीकधी एखाद्याला ठेवतात.”

“पण तू कुठे हरलीस? तू तर नुसती वजनं...”

“तेच तर,” मुक्ता हसली. “वाढ ना अजून थोडं.”

नोकरी जाणं हा शब्दप्रयोग आमच्या घरात हळू आवाजात उच्चारण्याचा आहे. आमच्या पिढीतली माणसं इथे व्हिसाच्या कागदावर आली. नोकरी गेली की देश सुटायचा. त्यामुळे रॉयची नोकरी गेली, हे कळल्यावर आम्ही जे केलं ते आम्हाला अगदी स्वाभाविक वाटलं. आम्ही त्याच्याकडे समाचाराला गेलो. सुनंदाने सकाळीच स्वयंपाक करून डबे भरले. मी कोट घातला. वाटेत गाडीत हिंगाचा, लसणाचा वास दरवळू लागला तेव्हा मी विचारलं, “काय केलंस?”

“पिठलं-भात,” ती म्हणाली, आणि मी गाडीचा वेग कमी केला. घरात माणूस गेलं की शेजाऱ्यांनी जे न्यायचं, ते तिच्या हातून आपोआप शिजलं होतं.

“परत जायचं का?” मी विचारलं.

“आता काय, आलोच की,” ती म्हणाली.

रॉयच्या घराच्या अंगणात मोठ्याने गाणी लागली होती. तो आणि त्याची बायको शेरी गॅरेजमधून खोकी काढून ट्रकमध्ये भरत होते. त्याच्या अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट होता, आणि बाहेर बर्फ भुरभुरत होतं. आम्ही गंभीर चेहऱ्याने, हातात डबे धरून उभे राहिलो. शेरीने आमच्याकडे पाहिलं, गाणं बंद केलं, पुढे येऊन सुनंदाचे दोन्ही हात धरले आणि अत्यंत मायेने विचारलं, “तुमच्याकडे कोणी गेलं का?”

पुढची काही मिनिटं कोण कोणाचं सांत्वन करतो आहे, हे कोणालाच उमगत नव्हतं. अखेर खरं काय ते कळल्यावर रॉय इतका हसला की त्याला एका खोक्यावर बसावं लागलं. “मला आजवर चारदा काढलंय,” तो म्हणाला, “पण भात कोणी आणला नव्हता!” मग त्याने तिथेच गॅरेजमध्ये, पालथ्या खोक्यावर डबा ठेवून, ते सगळं पिठलं संपवलं. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “मुक्ताची काळजी करू नका. या धंद्यात एकदा काढलं गेल्याशिवाय माणसाला कोणी कोच म्हणत नाही.” त्याच्या हाताच्या वजनाने मी किंचित वाकलो. परतताना सुनंदाने रिकामा डबा मांडीवर घेतला. मग म्हणाली, “किती आनंदात आहेत हो. आपल्यालाच का असं होतं?”

पुढचे दिवस वादाचे होते. हा वाद मी पुलांवरच्या वादांइतक्याच अलिप्तपणे ऐकला, आणि त्यात मला एक शांत आनंद मिळाला, हे सांगायला हवं. गावात दोन तट पडले. एक म्हणे, फुटबॉल हा धक्क्याचा खेळ. जड बैठका नसतील तर पोरं वाऱ्यावर उडतील. दुसरा म्हणे, ताकद पुष्कळ झाली, आता वेग हवा. उड्या मारा, धावा, वजनं हलकी आणि झपाट्याने उचला. रेडिओवर लोक फोन करून एकमेकांना मूर्ख म्हणत. न्हाव्याच्या दुकानात माझे केस कापता कापता न्हाव्याने आरशातून मला विचारलं, “सर, तुम्ही कोणत्या बाजूचे?” मी म्हणालो, “कानाच्या बाजूने थोडे कमी करा.”

महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीच्या जेवणातही तोच विषय. डॉक्टर सबनीस हे आमच्याकडचे सर्वांत ज्येष्ठ. हाडांचे निवृत्त सर्जन, विद्यापीठाला मोठी देणगी दिलेले, त्यामुळे स्टेडियमच्या काचेच्या कक्षात बसून सामना बघण्याचा मान असलेले. तिळाची वडी हातात धरून ते मला म्हणाले, “पाटणकर, मी आयुष्यभर गुडघे उघडून पाहिलेत. ही जड वजनं म्हणजे वेडेपणा. आमच्या वेळी जोर होते, बैठका होत्या. स्वतःच्या अंगाचं वजन पुरेसं असतं माणसाला.”

“काका, तुमच्या अंगाचं वजन तेव्हा किती होतं?” मुक्ताने विचारलं.

“पन्नास किलो!” ते अभिमानाने म्हणाले.

“आमच्या लाइनमनचं, आघाडीच्या फळीतल्या पोराचं, दीडशे आहे. आणि समोरून तेवढाच दुसरा येतो.”

सगळे हसले, काकाही हसले. मग ते मला बाजूला घेऊन म्हणाले, “पोरगी गुणी आहे. तिथल्या क्रीडा विभागाच्या डायरेक्टरशी माझं बोलणं असतं. मी शब्द टाकतो. नव्या माणसाला सांगायला लावतो, हिला ठेव म्हणून.” माझा जीव भांड्यात पडला. आपल्याकडे वडीलधाऱ्याने शब्द टाकणं यात गैर काय? पण मुक्ताला कळलं तेव्हा ती थेट त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. “काका, प्लीज, फोन करू नका. मी इथे कोणाच्या ओळखीने राहिले तर ती पोरं एका दिवसात ओळखतील. मग माझं कोणी ऐकणार नाही.”

“अगं, नोकरीचा प्रश्न आहे.”

“हो ना. म्हणूनच.”

काकांनी वडी तोंडात टाकली आणि माझ्याकडे पाहून खांदे उडवले. तिळाची वडी कडक होती. त्यांना बराच वेळ बोलता आलं नाही.

नवा मुख्य कोच त्या वर्षी जरा उशिराच, संक्रांतीनंतर आला आणि त्याच्याबरोबर त्याचा स्ट्रेंग्थ कोच डॅल्टन. सडपातळ, चष्मेवाला, हळू बोलणारा. मला तो बँकेतला अधिकारी वाटला. त्याने आल्याआल्या घंटा काढून कपाटात ठेवली आणि प्रत्येक चौकटीला एक छोटं यंत्र लावलं. त्यातून दोरी निघून बारला बांधायची. बार किती वेगाने वर जातो हे पडद्यावर दिसायचं. वेग ठरावीक रेषेखाली गेला की थांबायचं, मग कितीही ताकद शिल्लक असो. वजनं उतरली, उड्या वाढल्या. मुक्ताने हे सांगितलं तेव्हा तिच्या बोलण्यात राग नव्हता. “धावणाऱ्या पोरांसाठी तो बरोबर आहे,” ती म्हणाली. “रॉय तिथे चुकला. पण लाइनमन धावत नाहीत, बाबा. ते उभ्या जागी ढकलतात. त्यांचं वजन कमी केलं तर त्यांची मान, पाठ... आय डोन्ट नो. मला भीती वाटते.”

मी त्या दिवसांत या प्रश्नावर पुष्कळ विचार केला. पुलावर भार टाकत राहिलं तर पूल थकतो. पोलादात बारीक भेग पडते, ती वाढते, आणि माझ्यासारख्या माणसाने ती वेळेवर पाहिली नाही तर अनर्थ होतो. भाराने बळकट झालेला पूल मी पाहिला नाही. शरीराचं उलटं आहे. ते भाराने थकतं आणि त्या थकव्यातूनच बळकट होतं. फक्त कोणत्या भारापर्यंत, हे पोलादासारखं कोष्टकात सापडत नाही. ते कोणीतरी समोर उभं राहून पाहावं लागतं. मुक्ताचं काम काय आहे, हे मला तेव्हा कुठे कळायला लागलं.

डॅल्टनने जुन्या सहायकांना लगेच काढलं नाही. तो म्हणाला, प्रत्येकाने अशा एका माणसाला घेऊन या, ज्याने कधी वजन उचललेलं नाही, आणि त्याला माझ्यासमोर शिकवा. बाकी मला काही ऐकायचं नाही. मुक्ताने संध्याकाळी फोन केला.

“बाबा, उद्या सकाळी फ्री आहात?”

“मी निवृत्त आहे.”

“मग स्नीकर्स घाला. आणि प्लीज, तो हातविणीचा स्वेटर नको.”

सकाळी तिथे गेलो तेव्हा बाहेर मैदानावर बर्फ होतं आणि आत ती अवाढव्य मुलं उड्या मारत होती. प्रत्येक उडीला जमीन हलत होती. ती मला ‘मॉर्निंग, सर’ म्हणत बाजूला होत, आणि मी त्यांच्यामधून, एखाद्या चुकीच्या वर्गात शिरलेल्या विद्यार्थ्यासारखा, भिंतीच्या कडेकडेने चालत होतो. डॅल्टन हातांची घडी घालून उभा होता. मुक्ताने माझ्यामागे एक लाकडी पेटी ठेवली.

“बसा.”

मी बसलो.

“उठा. बाबा, तुम्ही बसलात की पडलात?”

“बसलो.”

“नाही. अर्ध्यापर्यंत बसलात, पुढे स्वतःला सोडून दिलंत. सगळे सोडतात. परत. टाच दाबून. हळू.”

मी पुन्हा बसलो. मांड्या थरथरल्या. आयुष्यात इतक्या खुर्च्यांवर बसलो, पण बसणं ही कृती आहे हे मला ठाऊक नव्हतं. मग तिने माझ्या छातीशी एक काठी धरली, मग हातात हलकं वजन दिलं, आणि बऱ्याच वेळाने खांद्यावर रिकामा बार ठेवला. लोखंडाचा थंडपणा मानेपर्यंत पोचला. मी खाली गेलो, वर आलो. कोपऱ्यातून कोणीतरी ओरडलं, “लेट्स गो, पॉप्स!” आणि आणखी चारपाच जणांनी टाळ्या वाजवल्या. मला कुठे पाहावं ते कळेना.

डॅल्टनने माझ्या बारला यंत्राची दोरी बांधली. मी बैठक मारली. त्याने पडद्याकडे पाहिलं, चष्मा सारखा केला आणि पहिल्यांदाच हसला. “तुमच्या वेगासाठी माझ्या यंत्रात आकडा नाही.” मग मुक्ताकडे वळून म्हणाला, “थोडं वजन टाक.”

“आज नाही,” ती म्हणाली.

“रॉयची माणसं थांबत नाहीत, असं ऐकलं होतं.”

“थांबायला त्यांनीच शिकवलं. बाबा तयार झाले की टाकेन. आणि तेव्हा पुष्कळ टाकेन.”

डॅल्टनने मान डोलावली आणि मला पाण्याची बाटली आणून दिली. घरी येऊन जिना चढताना मी कठडा धरला. सुनंदाने विचारलं, “झाली का परीक्षा?” मी म्हणालो, “माझी झाली. तिचं माहीत नाही.”

आठवड्याभराने मुक्ता संध्याकाळी आली आणि बूट न काढता दारातच उभी राहिली. डॅल्टनने तिला बोलावलं होतं. म्हणाला, तू उत्तम शिकवतेस, मला तू हवी आहेस. मग त्याने विचारलं, लाइनमनचं वजन मी उतरवतो आहे, तुझं मत काय? तिने तिचं मत सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाला, तुला पटत नसलं तरी मी सांगेन तसं शिकवशील? ती म्हणाली, शिकवीन. पण पोरं मला विचारतील, आणि विचारलं तर मला काय वाटतं ते सांगेन. मग म्हणाला, पहिल्या वर्षी एका खोलीत दोन मतं मला परवडणार नाहीत.

“म्हणजे?” सुनंदाने विचारलं.

“म्हणजे नाही ठेवलं.”

“अगं, पण विचारलं म्हणून सगळं सांगायचंच असतं का? हो म्हणायचं, नंतर बघता आलं असतं.”

“आई, तो खरंच विचारत होता.” तिने एक बूट काढला. “आणि नंतर काय बघणार? एखाद्या पोराच्या मानेला लागल्यावर?”

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलावं, अशी तिची अपेक्षा होती. माझ्या धंद्यात अवघड मत मागितलं की ‘अधिक तपासणी आवश्यक’ असं लिहिण्याची सोय असते. मुक्ताच्या धंद्यात ती नाही, कारण उद्या सकाळी पुन्हा तीच पोरं बार खांद्यावर घेऊन समोर उभी राहणार असतात. मी एवढंच विचारलं, “जेवायला थांबतेस ना?” ती म्हणाली, “हो.” आणि दुसरा बूट काढला.

त्यानंतर जे घडलं त्याची मला सवय नव्हती. माझ्या ओळखीच्या जगात मतभेद झाला की माणसं एकमेकांच्या वाटेतून बाजूला होत. कॉरिडॉरमध्ये नजर चुकवत. डॅल्टनने दोन दिवसांत शेजारच्या राज्यातल्या एका लहानशा कॉलेजला फोन केला. त्यांना मुख्य स्ट्रेंग्थ कोच हवा होता. त्याने काय सांगितलं, ते त्या कॉलेजच्या माणसाने पुढे मुक्ताला ऐकवलं: हिचं माझ्याशी पटलं नाही, पण हिच्या हाताखाली मी माझ्या बापाला पाठवीन. मंडळात हे कळल्यावर सबनीस काका खट्टू झाले. “मी शब्द टाकतो म्हटलं तर नको,” ते म्हणाले, “आणि ज्याने घरी बसवलं, त्याचा चालतो?” मुक्ताने त्यांच्या पाया पडून निरोप घेतला आणि म्हणाली, “काका, त्याने मला काम करताना पाहिलंय.” काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग आशीर्वाद देऊन म्हणाले, “गुडघे सांभाळ पोरांचे.”

मार्चमध्ये ती गेली. रस्त्याकडेचं बर्फ काळं पडून वितळत होतं, आणि डोंगरावर एक मळकट हिरवी छटा उगवायला लागली होती. इकडे डॅल्टनच्या संघाने पुढच्या हंगामात काही सामने जिंकले, काही हरले. मांडीचे स्नायू कमी दुखावले. मानेला कोणाला गंभीर इजा झाली नाही. मुक्ता बरोबर होती की नाही, हे अशा रीतीने कधीच सिद्ध झालं नाही. न्हाव्याच्या दुकानात मात्र दोन्ही तट आपलंच खरं झालं म्हणतात.

त्याच हंगामात, ऑक्टोबरात, आम्ही तिच्या नव्या कॉलेजचा सामना बघायला गेलो. मैदान छोटंसं, एका बाजूला शेत, दुसऱ्या बाजूला रेल्वेचा रूळ. बसायला पत्र्याच्या थंडगार पायऱ्या. पन्नास-साठ माणसं, दोन कुत्री, आणि सॉसेज भाजणारं एक कुटुंब. सगळ्यांचं लक्ष चेंडूवर होतं. तो जिकडे जाईल तिकडे माना वळत होत्या. मी मात्र चेंडू सोडून आघाडीच्या फळीकडे पाहत राहिलो. तिथे ती जाडजूड मुलं वाकून उभी राहत, शिट्टी झाली की समोरच्यावर आदळत आणि तिथेच, वीतभर जागेसाठी, झुंजत राहत. त्यांच्यासाठी कोणी टाळ्या वाजवत नव्हतं. एका मुलाच्या पाठीवर पंचावन्न आकडा होता. त्याच्या टाचा प्रत्येक वेळी चिखलात रुतायच्या आणि तशाच राहायच्या. मैदानाच्या कडेला मुक्ता हात खिशात घालून उभी होती, आणि तिचीही नजर चेंडूवर नव्हती.

आम्ही हरलो. संध्याकाळ उतरताना ती गाड्यांच्या रांगेत आम्हाला भेटायला आली. नाक लाल, आवाज बसलेला. सुनंदाने तिच्या हातात डबा दिला आणि पहिला प्रश्न विचारला, “मग इथला हेड कोच राहील ना गं?”

“आई, अजून ऑक्टोबर आहे,” मुक्ता हसून म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “बाबा, पंचावन्नचे पाय पाहिलेत?”

“पाहिले,” मी म्हणालो. “एकदाही मागे सरकला नाही.”

“एकदा सरकला. तिसऱ्या क्वार्टरमध्ये,” ती म्हणाली. “सोमवारी सांगणारे त्याला.”